टेबलाचे वय

बाजारातला काटा तपासण्याचा एक ठरलेला क्रम असतो. त्यातली पहिली पायरी इतकी सोपी आहे की घाईतला माणूस नेमकी तीच गाळतो: पारड्यात काहीही नसताना काटा काय दाखवतो, ते पाहणे. रिकामा असताना जो काटा शून्यावर उभा राहत नाही, त्याच्या पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी ही पायरी एकदाही गाळली नव्हती. निवृत्तीला चार वर्षे झाली तरी ओळखीचे लोक त्यांना तपासनीस याच नावाने हाक मारीत, आणि ते भाजीच्या दुकानात शिरले की दुकानदार न सांगता पारडे उचलून, झटकून दाखवी. त्या वेळी त्यांची बायको पिशवी घेऊन दोन पावले मागे उभी राही, ओळख नसल्यासारखी.

निवृत्त माणसाला तपासायला काहीतरी लागते. तपासनिसांना ते दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने पाठवलेल्या घड्याळातून मिळाले. हे घड्याळ वेळ सांगे हे खरे, पण ते त्याचे मुख्य काम नव्हते. ते पावले मोजी, झोप मोजी, आणि पाठीमागच्या हिरव्या उजेडाने मनगटातली नाडी मोजी. त्याची तबकडी चौकोनी होती. दुसऱ्या एका कंपनीचे असेच घड्याळ गोल तबकडीचे होते. एवढ्या फरकावरून जगाचे दोन भाग पडले होते. चौकोनी घड्याळ वापरणाऱ्यांचे इंटरनेटवर एक मंडळ होते, चार हजारांहून अधिक सभासदांचे. विरुद्ध बाजूच्या लोकांना ते गोलवाले म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना पूर्वी लोक सावकाराचे नाव घेताना करीत तसे तोंड करीत.

अशा निष्ठेला हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्याने एखादी वस्तू दहा दुकाने हिंडून, रात्रंदिवस तुलना करून निवडली, त्याला त्या वस्तूवरचा आक्षेप स्वतःच्या विवेकावरचा आक्षेप वाटतो. त्याला ते घड्याळ वाचवायचे नसते. ते निवडणारा माणूस वाचवायचा असतो. तपासनिसांच्या बाबतीत मात्र हेही पूर्ण लागू नव्हते, कारण घड्याळ त्यांनी निवडले नव्हते. त्यांनी निवडली होती ती मंडळाची नोंदवही.

मंडळात ते आले तेव्हा तिथल्या तक्रारी म्हणजे नुसता कलकलाट होता. 'भंगार आहे', 'फसवलं', 'पैसे पाण्यात'. यातून कंपनीला काय कळणार? तपासनिसांनी बारा रकान्यांचा एक नमुना तयार केला. घड्याळाचा क्रमांक, बिघाडाची तारीख, हवेचे तापमान, पट्टा कितव्या भोकाला, सातव्या रकान्यात परिधान करणाऱ्याचे वय, आणि असेच पुढे. एकही रकाना रिकामा असला किंवा त्यात 'लागू नाही' असे लिहिले असले, तर तक्रार नोंदवली जाणार नाही. नोंदवलेल्या तक्रारींची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कंपनीकडे जाई, आणि कंपनी ती वाचते असा मंडळाचा अनुभव होता. दोन वर्षांत तपासनीस मंडळाचे तक्रार-प्रमुख झाले. त्यांनी नाकारलेल्या तक्रारींची संख्या स्वीकारलेल्यांच्या नऊपट होती. सभासदांनी या आकड्याचा अर्थ घड्याळ उत्तम आहे असा लावला, आणि हळूहळू तपासनिसांनीही तोच लावला.

एका सुताराची तक्रार आली ती याच काळात. रंधा मारताना घड्याळ खराब होऊ नये म्हणून तो ते काढून कामाच्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवी. एके दिवशी संध्याकाळी त्याने पाहिले, तर टेबल दिवसभरात तीन हजार चारशे पावले चालले होते आणि त्याची नाडी बहात्तर होती. पावलांचे एक वेळ समजता येईल, त्याने लिहिले, टेबल हलते. पण नाडीचे काय? अकरा रकाने सुवाच्य भरलेले होते. सातवा रिकामा होता.

तपासनिसांनी उत्तर दिले: 'परिधान करणाऱ्याचे वय नमूद नाही. तक्रार अपूर्ण असल्याने नोंदवता येत नाही.'

सुताराने लिहिले: 'साहेब, परिधान करणारं टेबल आहे. टेबलाचं वय लिहू का?'

यावर मंडळात हशा पिकला आणि मग, नेहमीप्रमाणे, हशाचे रूपांतर संशयात झाले. हा माणूस गोलवाल्यांनी पेरलेला आहे, असे एकाने लिहिले. तिघांनी त्याला दुजोरा दिला. तपासनिसांना त्या कुजबुजीत रस नव्हता. नमुन्याची थट्टा झाली, एवढेच त्यांच्या दृष्टीने पुरेसे होते. त्यांनी सुताराला मंडळातून काढले आणि कारण नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहिले.

त्याच सुमारास बायकोच्या रक्तदाबाची गोळी बदलली. डॉक्टरबाईंनी सांगितले होते की या गोळीने काहींची नाडी मंदावते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहा आणि पन्नासच्या खाली गेली तर त्याच दिवशी या. कशाने मोजायची ते त्यांनी सांगितले नाही, आणि तपासनिसांनी विचारले नाही. मुलीकडून तसेच दुसरे घड्याळ मागवून त्यांनी ते बायकोच्या मनगटावर बांधले, एक वही आखली आणि सुंदर, सरळ आकड्यांत नोंदी सुरू केल्या. सत्तर. बहात्तर. एकाहत्तर.

"अहो, जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी येते," ती एकदा म्हणाली.

त्यांनी तिचा हात हातात घेतला, काचेकडे पाहिले. "एकाहत्तर. पित्त असेल."

"पित्त आता जिन्यात बसायला लागलं का?"

"सकाळी उपाशीपोटी चहा घेतेस. त्याचं आहे ते."

तीन आठवड्यांत बेचाळीस नोंदी झाल्या. त्यांतली एकही सत्तरच्या खाली किंवा त्र्याहत्तरच्या वर नव्हती.

दर रविवारी सकाळी दहाला बायकोचा धाकटा भाऊ येई. तो घड्याळजी होता. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचे दुकान होते आणि त्यात तो फक्त चावीची घड्याळे दुरुस्त करी. डोळ्याला भिंग लावून लावून त्याच्या उजव्या डोळ्याभोवती कायमचे वर्तुळ उमटले होते. बहिणीकडून त्याला मंडळाच्या सगळ्या बातम्या कळत.

"काय भावोजी, आज किती टेबलांना हाकललंत?" त्याने चपला काढता काढता विचारले.

"तक्रार अपूर्ण होती," तपासनीस म्हणाले.

"टेबल होतं हो ते. त्याला पूर्ण-अपूर्ण काय कळणार?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"हो, घड्याळ सोडून सगळ्यांना."

"आल्या आल्या सुरू झालास का रे?" स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला. "आधी चहा घे, मग भांड."

"भांडतोय कुठे ताई? विचारतोय. माझ्याकडे घड्याळ आलं की मी आधी त्याचं पोट उघडतो. यांच्या घड्याळाला पोटच नाही."

"ते उघडायचं नसतं," तपासनीस म्हणाले. "सीलबंद असतं. उघडलं की पाणी शिरतं."

"म्हणजे बघायचं नाही, नुसता विश्वास ठेवायचा. मग मनगटावर कशाला? देव्हाऱ्यात बसवा."

"तुझ्या घड्याळांना नाडी कळते का?"

"नाही कळत. पण कळत नाही हे त्यांना कळतं."

तपासनीस उत्तर देणार होते. उत्तर तयार होते आणि ते चांगले होते. पण त्याच क्षणी स्वयंपाकघरात कपबशी फुटली.

बायको पडली नव्हती. ओट्याची कड धरून ती खाली सरकत स्टुलावर येऊन बसली होती आणि फुटलेल्या कपाकडे असे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणी तरी फोडला आहे. दोघेही धावले. तपासनिसांनी आधी तिच्या मनगटाकडे पाहिले आणि मग तोंडाकडे. हा क्रम मेहुण्याच्या नजरेतून सुटला नाही.

"एकाहत्तर," तपासनीस म्हणाले. "नाडी ठीक आहे."

"भावोजी, तिचे ओठ बघा आधी."

मेहुण्याने दुसऱ्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि खिशातून साखळीचे घड्याळ काढले. पुढचे एक मिनिट त्याने ठोके मोजले. पातेल्यातले चहाचे पाणी आवाज करीत आटत राहिले.

"चव्वेचाळीस."

"पूर्ण मिनिट मोजलंस? की अर्धं मोजून दुप्पट केलंस?"

"भावोजी, मी मिनिटावरच पोट भरतो."

"दे इकडे." तपासनिसांनी त्याच्या हातातून घड्याळ घेतले आणि स्वतः मोजले. आयुष्यभर दुसऱ्याच्या मोजमापावर अवलंबून न राहिलेला माणूस स्वतःची बोटे नाकारू शकत नव्हता. त्रेचाळीस. काचेवर अजूनही एकाहत्तर होते.

"दोन आकडे एकमेकांशी जुळतात," ते सावकाश म्हणाले. "तिसरा जुळत नाही. पण बोटांनीसुद्धा ठोका चुकतो. दोघांचाही सारखाच चुकला असेल..."

"सत्तावीस ठोके? दोघांचे?" मेहुणा म्हणाला.

एव्हाना डोळे मिटून बसलेल्या बायकोने तोंड उघडले. "अहो, त्या भाजीवाल्याला बिचाऱ्याला रोज पारडं झटकायला लावता. याला कधी रिकामं बघितलंत का?"

तपासनिसांनी तिच्या मनगटावरचे घड्याळ सोडले. जवळ पाण्याची स्टीलची बाटली होती. तिला त्यांनी ते बांधले, चौथ्या भोकाला. हिरवा उजेड लुकलुकला, विचार केल्यासारखा थांबला, पुन्हा लुकलुकला. मग काचेवर आकडा आला: सत्तर. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला. बहात्तर. ते तिसऱ्यांदा पट्टा सोडायला लागले, तेव्हा मेहुण्याने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"भावोजी, बाटली राहू द्या. ताईला उचला."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख काढला, गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि दोन दिवस ठेवून घ्यायला सांगितले. आणखी आठवडा गेला असता, तर ही घरात नाही, रस्त्यात पडली असती, असे त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग त्यांनी वही मागितली. पाने उलटताना त्यांचा हात मंद होत गेला.

"बेचाळीस दिवसांच्या नोंदी आहेत?"

"एकवीस. दोनदा."

"इतकी एकसारखी नाडी मी पंचवीस वर्षांत पाहिली नाही. जिवंत माणसाची तर नाहीच." त्यांनी वही परत दिली. "हे कोणी मोजलं?"

"घड्याळाने," तपासनीस म्हणाले.

खाटेवर पडलेल्या बायकोने मान वळवली. "अक्षर तुमचं आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला उत्तर देता आले असते. एकतीस वर्षांत तपासनिसांनी खोट्या वजनावर ठसा मारला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता आणि तो अभिमान रास्त होता. आता त्यांच्या हातात बेचाळीस खोट्या वजनांची वही होती आणि प्रत्येकावर त्यांचा ठसा होता. एवढेच असते तर ते घरातल्या घरात राहिले असते. पण हाच प्रयोग करून हेच सांगणारा माणूस दीड महिन्यापूर्वी त्यांच्या दारात आला होता. त्याची तक्रार पुढे गेली असती, तर ती मधल्या पहिल्या तारखेच्या यादीतून कंपनीकडे पोचली असती. आणि चार हजार मनगटांपैकी किती मनगटांवर या घटकेला बाटलीची नाडी उमटते आहे, हे कोणालाही माहीत नव्हते.

बायको घरी आली त्या दिवशी तिची नाडी साठ होती. ती जेवून झोपली, आणि दुपारी तपासनीस जेवणाच्या टेबलाशी तक्रारीचा नमुना घेऊन बसले. सहा रकाने भरले. सातव्यावर हात थांबला: परिधान करणारी आता बाटली होती.

मार्ग अनेक होते. ते तक्रार-प्रमुख होते. सातवा रकाना ऐच्छिक करायला त्यांना अर्धे मिनिट पुरले असते. पण आपला माल आत घ्यायचा म्हणून काट्याचे शून्य सरकवणे याला त्यांच्या खात्यात एक नाव होते आणि त्यासाठी त्यांनी लोकांना न्यायालयात उभे केले होते. नियम चुकीचा असेल तर तो नंतर, सर्वांसमक्ष बदलावा, स्वतःपुरता नाही. शिवाय पहिली तक्रार त्यांची नव्हती. ती सुताराची होती, आणि ती पहिल्या क्रमांकावर, तिच्या मूळ तारखेनेच लागायला हवी होती.

काढलेल्या सभासदांच्या यादीत सुताराचा फोन नंबर होता.

"कोण?" पलीकडे यंत्राची घरघर होती.

"मी तपासनीस. चौकोनी मंडळातून."

घरघर थांबली. "आता काय राहिलंय? मला काढलंत, आता टेबलाला काढताय?"

"टेबलाचं वय हवं होतं."

"चेष्टा पुरे झाली हं साहेब. माझ्या हातात काम आहे."

"चेष्टा नाही. सातवा रकाना."

सुतार हिशेब करू लागला. "वडिलांनी बनवलं तेव्हा मी तिसरीत होतो. आता एकोणपन्नास. धरा चाळीसेक."

"अंदाज चालत नाही."

सुतार हसला. खळखळून नाही, नाकातून, पण हसला. "थांबा." काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, मग वाकलेल्या माणसाचा धापा टाकणारा आवाज. "खालच्या फळीवर पेन्सिलीने तारीख घातलीय वडिलांनी. एक्केचाळीस वर्षं, दोन महिने. दिवस पण हवेत?"

"नकोत. वर्षं पुरेत." तपासनिसांनी आकडा लिहिला. मग ते म्हणाले, "तुम्ही केली होती ती तपासणी बरोबर होती. रिकाम्या काट्याची. ती मी करायला हवी होती. माझं कामच ते होतं." आणि त्यांनी घडलेले सारे सांगितले, काही न वगळता, वहीसकट.

"वहिनी कशा आहेत आता?"

"बऱ्या आहेत. साठ."

"वय?"

"नाडी."

"मग ठीक," सुतार म्हणाला, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

नोंदवहीत त्या दिवशी दोन तक्रारी चढल्या. पहिली सुताराची, सातव्या रकान्यात 'एक्केचाळीस वर्षे (टेबल)'. दुसरी तपासनिसांची, 'तीन वर्षे (पाण्याची बाटली)'. दुसरीच्या शेवटी त्यांनी बेचाळीसही आकडे दिले आणि खाली लिहिले की पहिली तक्रार दीड महिन्यापूर्वी आली होती, ती नाकारण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. तारीख पहिली होती. यादी त्यांनी त्याच वेळी कंपनीकडे रवाना केली.

मंडळात तासाभरात उत्तरे आली. 'काका, काकूंच्या आजारपणाचं टेन्शन घेतलंय तुम्ही, विश्रांती घ्या.' 'बाटलीत गरम पाणी असेल.' 'गोलवाल्यांनी शेवटी मोठा मासा गळाला लावला.' एकाने अत्यंत गंभीरपणे विचारले की बाटली कोणत्या कंपनीची आहे. दुसऱ्या दिवशी मात्र, या गदारोळात कोणाच्या फारसे लक्षात न येता, चार नव्या तक्रारी आल्या. एकाने घड्याळ खुर्चीच्या हाताला बांधले होते, एकाने उशीला, एकाने वर्तमानपत्राच्या गुंडाळीला, आणि एका बाईने भिंतीवर टेकवलेल्या छत्रीला. चारही नमुन्यांत सातवा रकाना भरलेला होता. वर्तमानपत्राचे वय एक दिवस होते.

त्या तक्रारी नोंदवून झाल्या आणि तपासनिसांना तक्रार-प्रमुखपदावरून आणि मंडळातून दूर करण्यात आले. कारण 'मंडळाच्या हिताला बाधा' असे दिले होते. असा रकाना नमुन्यात नाही, एवढा आक्षेप त्यांनी नोंदवला. तो कोणी वाचला नाही.

गोलवाल्यांनी त्यांचे हारतुरे घेऊन स्वागत केले, अर्थात शब्दांचे. 'उशिरा का होईना, डोळे उघडले' अशा मथळ्याखाली त्यांची तक्रार जशीच्या तशी छापली गेली आणि त्यांनी चार शब्द लिहावेत अशी विनंती झाली. तपासनिसांनी चार नाही, आठ शब्द लिहिले: 'आपण आपले घड्याळ कधी बाटलीला बांधून पाहिले आहे?' उत्तर आले नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारले. सकाळी पाहिले तर ती दारेही त्यांना बंद झाली होती.

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," मेहुणा रविवारी म्हणाला. "आता कुठे जाणार?"

"कुठेही नाही. बोलू नकोस, मोजतोय."

बायकोचा हात त्यांच्या हातात होता आणि टेबलावर मेहुण्याने आणून दिलेले चावीचे घड्याळ. ते चार दिवसांत दोन मिनिटे मागे पडते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढले होते आणि मेहुण्याला लेखी कळवले होते.

"किती झाले?" बायकोने विचारले.

"तू बोललीस. चुकला ठोका. पुन्हा पहिल्यापासून."

"मोजा," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.